लॅमिंग्टन रोड ते डोंबिवली

मुंबईत प्रत्येक वस्तूचे एक गाव असते. कापडाचे गाव मंगळदास मार्केट, सोन्याचे झवेरी बाजार, विजेच्या सामानाचे लोहार चाळ, आणि जी वस्तू काल आपल्या घरात होती व आज नाही, तिचे गाव चोर बाजार! मुंबईकर गृहस्थ पन्नास वर्षे संसार करतो तेव्हा कधी ना कधी या सगळ्या गावांचे पाणी पिऊन येतो. पण ज्या गावाला मी लहानपणापासून आजतागायत जातो आहे आणि जिथे दर वेळी मला नव्याने परगावी आल्यासारखे वाटते, ते गाव म्हणजे लॅमिंग्टन रोड.

तसे पाहिले तर सरकारदरबारी लॅमिंग्टन रोड या नावाचा रस्ता आता नाही. पाटीवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असे लिहिलेले असते, पत्रेही त्या नावाने येतात आणि पोलीस ठाणेही त्याच नावाने ओळखले जाते. पण टॅक्सीवाल्याला ‘भडकमकर मार्ग’ म्हणून पाहा. तो तुमच्याकडे असा पाहील की जणू तुम्ही कालच बोटीतून उतरला आहात. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्याच गोळीबारात हे लॅमिंग्टनसाहेबही जखमी झाले होते. गोळी लागलेला गव्हर्नर विस्मरणात गेला, पण त्याचे नाव मात्र मुंबईच्या जिभेवरून काही उतरले नाही. असो.

ग्रँट रोड स्टेशनवर उतरून पूर्वेला बाहेर पडले की चार-पाच मिनिटांत आपण या रस्त्याला लागतो. एका टोकाला मुंबई सेंट्रल, दुसऱ्या टोकाला ऑपेरा हाऊस, आणि मध्ये जेमतेम दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील एवढीच वाट. त्या वाटेवर हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर खोकी घेतलेले हमाल आणि कॉलेजची मुले. ज्या पोलीस ठाण्याचा मी वर उल्लेख केला, त्याच ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी अतिरेक्याची बंदूक नुसत्या हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिला. त्या ठाण्यावरून जाताना माझी पावले आपोआप थोडी मंदावतात.

माझ्या पिढीला हा रस्ता ठाऊक झाला तो सिनेमांमुळे. अप्सरा, नाझ, स्वस्तिक, इंपीरियल आणि मिनर्व्हा! ‘शोले’ १९७५ च्या स्वातंत्र्यदिनी मिनर्व्हाला लागला आणि पाच वर्षे तिथेच मुक्काम ठोकून बसला. ते मिनर्व्हा आज उभे नाही. परंतु या रस्त्याशी माझी ओळख त्याच्याही आधीची. १९६८ साली आमच्या घरचा रेडिओ अचानक मुका झाला. वडिलांनी मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढून एक काचेचा व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळला, मला बोटाशी धरले आणि ग्रँट रोड गाठले. दुकानदाराने व्हॉल्व्ह यंत्रावर तपासला, मान हलवली आणि तसाच दुसरा काढून दिला. घरी येऊन वडिलांनी तो खोबणीत बसवला. खोबणीच्या छिद्रांशी व्हॉल्व्हचे पाय जुळवताना त्यांनी श्वास रोखून धरला होता, हे मला अजून आठवते. दिवा लालसर झाला, खरखर झाली आणि मग बातम्या ऐकू आल्या. त्या दिवशी मला कळले, की यंत्र दुकानातून आणलेले असले तरी त्याच्या पोटात माणसाला हात घालता येतो. मी पुढे रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षे काढली, त्याचे मूळ बहुधा त्या रुमालात असावे.

एवढे पुराण सांगण्याचे कारण म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात मी पुन्हा एकदा त्याच रस्त्यावर गेलो. या वेळी बोट माझ्या हातात नव्हते. मीच कुणाच्या तरी मागे चाललो होतो.

माझी नात रेवा आर्किटेक्चर शिकते. तिच्या अभ्यासाला इमारतींची चित्रे संगणकावर उभी करावी लागतात आणि घरातला जुना लॅपटॉप एक जिना चढवायचा म्हटले तरी धापा टाकतो. तीन वर्षे तिने सोसायटीतल्या पाचवी-सहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि ५४,००० रुपये साठवले. तिच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या जावईबापूंचे म्हणणे, हप्त्याने चांगला लॅपटॉप घ्यावा. रेवाचे म्हणणे, तेवढ्याच पैशांत सुटे भाग आणून संगणक जोडला तर तो दुप्पट कामाचा होईल आणि पुढे एकेक भाग बदलताही येईल. यावर जावईबापू म्हणाले, “ठीक आहे. पण जोडून दुकानदाराकडूनच घे. हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.”

“मी स्वतः जोडणार आहे, बाबा.”

“आणि मोडलं तर?”

या प्रश्नाला काही उत्तर नव्हते. प्रोसेसर बसवताना त्याच्या खोबणीतली एखादी तार वाकली, तर ती वॉरंटीत बसत नाही. कंपनी आपल्या चुकीची भरपाई करते. तुमच्या हाताची नाही. म्हणजे तीन वर्षांच्या शिकवण्यांतला मोठा हिस्सा एका क्षणात पाण्यात. रेवाने माझ्याकडे पाहिले. मी एवढेच म्हणालो, “मी जाईन तिच्याबरोबर.” जावईबापू गप्प बसले; पण ते गप्प बसणे संमतीचे नव्हते.

रविवारी या रस्त्यावरची बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून आम्ही शनिवारी सकाळी निघालो. वाचकांपैकी कुणी जाणार असतील तर त्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि अकराच्या आत जाऊ नये. दुकानदारांचा चहा व्हायचा असतो.

लॅमिंग्टन रोडवरचे दुकान म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. रस्त्याला लागून सहा फुटांचा गाळा, त्याच्या बाजूने अंधारा जिना, जिन्यावर पुन्हा गाळे, आणि कुठल्या तरी जुन्या इमारतीच्या मागच्या खोलीत, जिथे एके काळी एखादे कुटुंब राहत असेल, तिथे छतापर्यंत रचलेली खोकी. भाषा अर्धी हिंदी, अर्धी गुजराती, मधूनच मराठी आणि भाव मात्र कॅल्क्युलेटरवर. दुकानदार तोंडाने आकडा उच्चारत नाही. तो बोटाने टाइप करून यंत्र तुमच्यापुढे सरकवतो, तुम्ही ते खोडून दुसरा आकडा लिहिता आणि परत सरकवता. बुद्धिबळासारखा हा डाव शांततेत चालतो.

रेवाच्या हातात कागद होता. पाच दुकाने फिरून तिने पाच दुकानांचे भाव एकाखाली एक लिहिले. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एस. एस. डी., एस. एम. पी. एस. आणि कॅबिनेट. पडदा घरचाच जुना वापरायचा ठरले होते. तिने निवडलेला प्रोसेसर रायझन ५ ७६००. त्यात चित्र उमटवण्याची सोय आतच असल्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड आज घेतले नाही तरी काम सुरू होणार होते. एका दुकानदाराने तोच प्रोसेसर बराच स्वस्त देऊ केला.

“बॉक्स पीस की ट्रे पीस?” रेवाने विचारले.

दुकानदार हसला. “ट्रे. चीज वही है, बेटा.”

वस्तू तीच हे खरे, परंतु ट्रे पीसला खोके नसते, वरचा पंखा नसतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही नसते. बाजारात नवखा माणूस फसतो तो इथेच. तिने नम्रपणे मान हलवली आणि आम्ही पुढच्या जिन्याला लागलो. शेवटी ज्या दुकानात सौदा ठरला तिथे तिने आणखी एक प्रश्न विचारला, तो ऐकून दुकानदाराने पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवरून मान वर केली. प्रोसेसर नंतर निघालेला आणि मदरबोर्ड त्याच्या आधीचा असला, तर बोर्ड त्याला ओळखत नाही. बोर्डातली मूळ आज्ञावली, जिला बायॉस म्हणतात, ती नवी करून घ्यावी लागते. रेवाने ती कोणती आहे ते विचारले होते. दुकानदाराने खोक्यावरचा लहानसा कागद दाखवला, स्वतः फोन करून खात्री करून घेतली आणि म्हणाला, “असेंबल करून देऊ? तुमच्याकडून पैसे नाही घेणार.”

फुकट! मी रेवाकडे पाहिले. जावईबापूंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून गेला. तिने एक क्षण विचार केला आणि म्हणाली, “नको, काका. बिल मात्र जी. एस. टी.चं द्या आणि प्रत्येक वस्तूचा नंबर त्यावर घाला.”

खरेदी झाल्यावर आम्ही चालत ऑपेरा हाऊसच्या बाजूला गेलो. १९११ साली उद्घाटन झालेले ते जुने नाट्यगृह अनेक वर्षे बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडले. या भागात एके काळी हिऱ्यांचा मोठा बाजार भरत असे; फूटपाथवर माणसे कागदाच्या पुड्या उघडून उन्हात खडे पाहत उभी असत. तो व्यापार पुष्कळसा वांद्रे-कुर्ला संकुलाकडे गेला. माझ्या मनात आले, आता पुड्या नाहीत, पण रेवाच्या पिशवीतली वस्तूही तशीच आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी, वाळूतल्या सिलिकॉनपासून केलेली, आणि किंमत तिच्या वजनाला न शोभणारी.

परतीचा प्रवास म्हणजे दादरला गाडी बदलणे. ज्यांनी शनिवारी दुपारी दादरचा पूल ओलांडला आहे, त्यांना पुढचे वाक्य सांगायला नको. रेवाने मदरबोर्डाचे खोके तान्ह्या मुलासारखे छातीशी धरले होते, प्रोसेसर माझ्या सदऱ्याच्या आत होता आणि कॅबिनेटचे धूड एका हमालाच्या डोक्यावर. डोंबिवली येईपर्यंत आम्ही दोघे एक शब्द बोललो नाही.

गाडीत मला टिफ्रॅकची आठवण झाली. भारतात बनलेला तो पहिला मोठा संगणक याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जोडला गेला. १९६० मध्ये तो सुरू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. हो, माझ्या वडिलांनी रुमालातून नेला होता तसलेच! पुढे १९७१ मध्ये इंटेल कंपनीने एका जपानी कॅल्क्युलेटरसाठी ४००४ नावाची चकती बाजारात आणली, तिच्यावर २,३०० ट्रान्झिस्टर मावले होते. आणि आज माझ्या सदऱ्याच्या आत जो चौकोन होता, त्यावर सहाशे कोटींहून अधिक. दिवाणखाना भरून टाकणारे यंत्र खिशात आले, पण खोबणीत बसवताना श्वास रोखण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले.

रात्री जेवणाचे टेबल पुसून कोरडे केले. रेवाने पायाखालची सतरंजी काढून टाकली, कारण अंगातल्या विजेची बारीकशी ठिणगीही या वस्तूंना पुरते. तिने आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून ती वीज उतरवली आणि मगच मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर आडवा ठेवला. मी बॅटरी धरून उभा राहिलो. जावईबापू दारात, हाताची घडी घालून.

खोबणीच्या कडेला एक लोखंडी दांडी असते. ती खाली दाबून बाजूला घेतली आणि वर उचलली की तिच्याखालची चौकट मोकळी होते. चौकट उघडताच बॅटरीच्या उजेडात सोनेरी तारांचे शेत चमकले. १,७१८ तारा, प्रत्येक केसासारखी, सगळ्या एका बाजूला किंचित झुकलेल्या. पूर्वीच्या रायझनमध्ये पाय प्रोसेसरला असत. आता प्रोसेसरची पाठ सपाट आणि नाजूक तारा बोर्डावर.

रेवाने प्रोसेसर कडांवर धरून उचलला. चार सेंटिमीटरचा चौकोन, वर खेकड्यासारखे पाय फुटलेले धातूचे झाकण. एका कोपऱ्यावर लहानसा सोनेरी त्रिकोण असतो. तसाच त्रिकोण खोबणीच्या कोपऱ्यावर. ते दोन जुळले पाहिजेत, कडेच्या खाचाही बसल्या पाहिजेत आणि मग वस्तू सरळ खाली ठेवून हात काढून घ्यायचा. दाबायचे नाही, सरकवायचे नाही. बसायची असेल तर ती आपल्याच वजनाने बसते.

ती बसली. रेवाने वाकून चारी बाजूंनी पाहिले, चौकट मिटली आणि दांडी खाली आणू लागली. दांडीला बराच जोर लागतो. करकर असा आवाज झाला आणि दारातून जावईबापू एक पाऊल पुढे आले.

“तो आवाज व्हायचाच, बाबा,” ती मान वर न करता म्हणाली. दांडी खिट्टीत अडकली आणि चौकटीवरचे काळे प्लॅस्टिकचे टोपण टप्‌कन उडून टेबलावर पडले. तेही व्हायचेच होते.

पुढचे काम माझ्या ओळखीचे होते. पंख्याच्या बुडाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट कारखान्यातूनच लावलेली होती. बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सोडवून त्याच जागी पंख्याचे चार स्क्रू, पण एका वेळी पुरता एक नाही. थोडा हा, थोडा त्याच्या समोरचा, असे तिरपे तिरपे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा येतो. मोटारीचे चाक बसवणारा माणूसही असेच करतो. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पंख्याची तार तिच्या नेमक्या जागी. कॅबिनेटमध्ये बोर्ड घालून सगळ्या तारा लावेपर्यंत बारा वाजले.

रेवाने बटण दाबले. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

एक मिनिट गेले. बोर्डाच्या कडेला पिवळा दिवा पेटला होता. दोन मिनिटे. माझी लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली, कुणी काही बोलेना. जावईबापूंचा हात बटणाकडे गेला. “बंद कर आता. जळेल काहीतरी.”

“हात नका लावू,” रेवा म्हणाली, पण तिचा आवाज कापत होता. “नवी रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिची ओळख करून घेतो. वेळ लागतो त्याला. मध्येच बंद करायचं नसतं.”

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिले. मी सिग्नल खात्यातला माणूस. म्हटले, “लाल नाही ना? पिवळा म्हणजे गाडी थांबवायची नसते, जपून पुढे न्यायची असते.” त्यांनी हात मागे घेतला. खरे सांगायचे तर त्या दिव्याचा आणि रेल्वेच्या दिव्याचा काडीइतका संबंध नाही. पण त्या घडीला त्या मुलीला आणखी दोन मिनिटे मिळवून देणे एवढेच माझ्या हातात होते.

चौथ्या मिनिटाला पिवळा दिवा विझला आणि पडद्यावर अक्षरे उमटली. पहिल्याच पानावर प्रोसेसरचे नाव, रॅमचा आकडा, उष्णतेचा आकडा. रेवा खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. माझ्या लेकीने देवापुढे साखर ठेवली.

जावईबापू काही बोलले नाहीत. ते टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होते. “ते काळं टोपण कुठं गेलं?” ते म्हणाले. “बोर्ड कधी दुरुस्तीला पाठवावा लागला तर ते परत लावून द्यावं लागतं, खोक्यावर लिहिलंय.” म्हणजे आम्ही तिघे पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो, तेव्हा हा गृहस्थ खोक्यावरचा मजकूर वाचत होता! टोपण मिळाले. त्यांनी ते बिलाबरोबर एका पाकिटात घातले, पाकिटावर तारीख लिहिली आणि घराच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवले. मग रेवाला म्हणाले, “ते वेगळं कार्ड म्हणतेस ना, ते केवढ्याला येतं?”

त्या कार्डासाठी या दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवारी पुन्हा लॅमिंग्टन रोडला जायचे ठरले आहे. या वेळी जावईबापूही येणार आहेत. त्यांना मी सांगून ठेवले आहे, की अकराच्या आत पोचायचे नाही, पहिल्या दुकानात घ्यायचे नाही आणि कॅल्क्युलेटर रेवाच्या हातात द्यायचा.